वडिलांच्या वहीतले कात्रण

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका सद्गृहस्थांचे पत्र आले होते. आजचा ख्रिस्ती धर्म म्हणजे अमेरिकेच्या सीआयए या हेरखात्याने चालवलेला कारभार आहे आणि अमेरिकेच्या सिनेटने 'चर्च समिती' नेमून ते स्वतःच कबूल केले आहे, असा त्या पत्राचा आशय. त्या रविवारी उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या, आवारात दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणाले, निषेधाचा ठराव करू. कोणी म्हणाले, लक्षच देऊ नका, उद्या तो पेपर रद्दीत जाईल. पाळकसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही एकतीस वर्षे इतिहास शिकवलात. तुम्हीच लिहा."

म्हणून लिहिते आहे, पण निषेध करण्यासाठी नाही. त्या पत्रातला मोठा भाग चुकीचा आहे आणि एक छोटा भाग खरा आहे. तो खरा भाग आम्ही ख्रिस्ती लोकांनी आपल्या मुलाबाळांना कधी सांगितला नाही, आणि याचे मला त्या पत्रापेक्षा जास्त वाईट वाटते. दोन्ही सांगायला जागा लागेल. पत्र लांबले तर काटछाट न करता दोन भागांत छापावे, ही विनंती.

आधी नावाचा घोळ. 'चर्च समिती' ही चर्चच्या चौकशीसाठी नव्हती. आयडाहो राज्याचे सिनेटर फ्रँक चर्च हे तिचे अध्यक्ष, त्यांच्या आडनावावरून ते नाव पडले. १९७५ मध्ये ती नेमली गेली ती सीआयए, एफबीआय वगैरे खात्यांचा गैरकारभार तपासण्यासाठी. परदेशी नेत्यांच्या हत्येचे कट, आपल्याच नागरिकांची टपालातली पत्रे फोडणे, असले तिचे विषय. एप्रिल १९७६ मध्ये तिचा अंतिम अहवाल आला. त्यात धर्मसेवकांविषयीचा मजकूर थोडकाच आहे, पण स्पष्ट आहे. सीआयएने केलेल्या १४ गुप्त व्यवस्थांमधून २१ धार्मिक व्यक्तींचा प्रत्यक्ष हेरखात्याच्या कामासाठी वापर झाला होता, असे समितीने नोंदवले.

जगभर हजारो मिशनरी पसरलेले असताना २१ हा आकडा लहान आहे, असे आमच्यातले काहीजण म्हणतील. मला तसे म्हणवत नाही. मिशनरी बाई बाळंतिणीच्या खोलीत जाते, पाळक मरणाऱ्याच्या उशाशी बसतो, लोक त्यांना नवरा-बायकोतले भांडण सांगतात. त्या विश्वासावर एकानेही पगार घेतला असेल तर बाकीच्या सर्वांच्या दाराला कडी लागते. अमेरिकेतल्या एका माणसाला हे तेव्हाच कळले होते. ओरेगनचे सिनेटर मार्क हॅटफिल्ड स्वतः बाप्टिस्ट, मनापासून श्रद्धाळू. त्यांनी १९७५ मध्ये सीआयएचे तेव्हाचे प्रमुख विल्यम कोल्बी यांना विचारले की, तुम्ही हे थांबवणार का? कोल्बींचे उत्तर असे होते की, पाद्री लोकांची देशाला मदत होऊ शकते आणि त्याने त्यांच्या कार्याला काही बट्टा लागत नाही. हॅटफिल्ड यांनी मग ही प्रथा बंद करणारे विधेयकच सिनेटमध्ये मांडले. पुढे फेब्रुवारी १९७६ मध्ये, थोरले जॉर्ज बुश सीआयएचे प्रमुख असताना, अमेरिकन पाद्री आणि मिशनरी यांच्याशी पैशाचे किंवा कराराचे गुप्त संबंध ठेवणार नाही, असे खात्याने जाहीर केले. 'अमेरिकन' हा शब्द लक्षात ठेवावा. इतर देशांच्या धर्मसेवकांबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. आणि १९९६ मध्ये तेव्हाचे प्रमुख जॉन डॉइच यांनी सिनेटपुढे सांगितले की, अगदी अपवादात्मक प्रसंगी हा नियम बाजूला ठेवण्याचा अधिकार आपण राखून ठेवला आहे. म्हणजे दार बंद आहे, पण किल्ली त्यांच्याच खिशात.

हे सारे खरे आहे. पण यावरून 'ख्रिस्ती धर्म सीआयए चालवते' असे म्हणणे म्हणजे गावात दोन तलाठी लाच घेताना सापडले म्हणून जमीन ही चीजच खोटी आहे, असे म्हणण्यासारखे झाले.

हा संशय आमच्या अंगणात नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात मी अठरा वर्षांची होते. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी तेव्हा सगळ्या जिल्ह्याने खाल्ली, रेशनच्या रांगेत सर्व जातींची माणसे एकामागे एक उभी होती. तरी कॉलेजात मला ऐकावे लागे, "तुमच्या अमेरिकेची मिलो कडू लागते गं." तुमच्या अमेरिकेची! माझे पणजोबा नेवासे तालुक्यातले, त्यांचे पणजोबाही तिथलेच. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आले, पण आम्ही काही त्या जहाजातून आलो नव्हतो. त्या टोमण्याने मी घरी येऊन रडले होते. म्हणून कोणी आम्हाला परक्यांचे हस्तक म्हटले की पहिली प्रतिक्रिया रागाची होते, आणि रागाच्या भरात आम्ही खऱ्या कागदपत्रांकडेही पाठ फिरवतो. माझ्याकडूनही तेच झाले, आणि ते सांगितल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, मिशनच्या शाळेत शिक्षक होते. त्यांची एक काळ्या पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात उपदेशाची टाचणे, गीते, पिकांचे भाव आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे. त्यांतले एक कात्रण १९६१ च्या हिवाळ्याचे. १९ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर १९६१ या काळात दिल्लीच्या विज्ञान भवनात जागतिक चर्च परिषदेचे, म्हणजे जगभरच्या चर्चांच्या संघटनेचे, तिसरे महाअधिवेशन भरले होते. 'येशू ख्रिस्त, जगाचा प्रकाश' हा त्याचा विषय. कात्रणातल्या फोटोत उंच टोप्या घातलेले, छातीपर्यंत दाढ्या असलेले रशियन बिशप आहेत. त्याच अधिवेशनात रशियाचे ऑर्थोडॉक्स चर्च परिषदेचे सभासद झाले, आणि त्याच्याबरोबर बल्गेरिया, रुमानिया आणि पोलंडची ऑर्थोडॉक्स चर्चेही. दादांनी फोटोखाली पेन्सिलीने लिहिले होते, 'योहान १७:२१'. त्या सर्वांनी एक व्हावे, ही प्रभूची प्रार्थना. मी सात वर्षांची असेन. त्यांनी मला मांडीवर घेऊन तो फोटो दाखवला आणि म्हणाले, "बघ, जिथं देव नाही असं सरकारच सांगतं ना, तिथूनसुद्धा देवाची माणसं आपल्या देशात आली." त्या फोटोवर त्यांचा फार जीव होता. नाताळच्या उपदेशात त्यांनी तो कितीदा तरी सांगितला.

त्या टोप्यांच्या मागे काय होते, ते आता पुष्कळसे उघड झाले आहे.

रशियन क्रांतीनंतर चर्चचा छळ झाला, हजारो पाद्री मारले गेले किंवा छावण्यांत गेले. १९२७ मध्ये मेट्रोपॉलिटन, म्हणजे वरिष्ठ बिशप, सेर्गी यांनी सोव्हिएत सत्तेशी निष्ठा जाहीर केली, तरी छळ थांबला नाही. मग महायुद्ध आले आणि स्टालिनला लोकांच्या श्रद्धेची गरज पडली. ४ सप्टेंबर १९४३ च्या रात्री त्याने सेर्गी, अलेक्सी आणि निकोलाय या तीन मेट्रोपॉलिटनांना क्रेमलिनमध्ये बोलावले. पॅट्रिआर्क, म्हणजे चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, निवडायला परवानगी दिली. चारच दिवसांत १९ बिशप जमले आणि सेर्गी पॅट्रिआर्क झाले. या सगळ्यावर लक्ष ठेवायला सरकारने एक मंडळ नेमले आणि त्याच्या प्रमुखपदी बसवले गिओर्गी कार्पोव यांना. हे कार्पोव हेरखात्याचे अधिकारी होते. चर्चला पुन्हा श्वास घेता आला, पण नळी त्यांच्या हातात राहिली.

दिल्लीचे अधिवेशन भरले तेव्हा ख्रुश्चेव यांचे राज्य होते आणि चर्चवर दुसरी मोहीम चालू होती. त्या काही वर्षांत हजारो देवळांना टाळे लागले. १९६१ च्याच जुलैमध्ये बिशपांची एक सभा बोलावून गावोगावच्या पाळकांकडून मंडळीच्या पैशाचा कारभार काढून घेण्यात आला. आणि नोव्हेंबरात तेच चर्च दिल्लीला येऊन जगाच्या चर्चकुटुंबात सामील झाले. शिष्टमंडळाचे नेते होते आर्चबिशप निकोदिम, वय अवघे ३२. परदेशात गेल्यावर 'आमच्याकडे धर्मस्वातंत्र्य आहे' असे या शिष्टमंडळांना सांगावे लागे. पासपोर्ट, परवानगी, मागे राहिलेल्या मंडळ्यांची सुरक्षितता, सगळे त्यावर अवलंबून. दादांचे वाक्य अर्धे खरे होते. देवाची माणसे आली होती, पण ज्यांनी त्यांना पाठवले त्यांचा हिशेब वेगळा होता.

चर्चवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी मंडळाचे उपप्रमुख फुरोव यांनी सत्तरच्या दशकात पक्षाच्या मध्यवर्ती समितीला दिलेला एक गोपनीय अहवाल पुढे बाहेर आला. त्यात बिशपांची तीन गटांत विभागणी होती. पहिल्या गटात धर्म वाढू नये ही सरकारची इच्छा समजून घेऊन वागणारे. दुसऱ्यात निष्ठावंत, पण देवळाच्या कामात उत्साह दाखवणारे. तिसऱ्यात कायद्याला वळसा घालून लोकांना देवाकडे नेऊ पाहणारे. शाळेत मी वर्गाची अ, ब, क तुकडी करत असे, तशी. चांगला पाळक क तुकडीत! हे वाचताना मला कापरे भरले.

आता त्या माणसाबद्दल, ज्याच्यासाठी मी खरे तर हे पत्र लिहायला घेतले. फादर ग्लेब याकुनिन. १९६५ मध्ये त्यांनी आणि निकोलाय एश्लिमान या दुसऱ्या पाद्रींनी आपल्याच पॅट्रिआर्कना जाहीर पत्र लिहिले: सरकारचा चर्चमधला हस्तक्षेप बेकायदा आहे आणि बिशप गप्प आहेत. उत्तर म्हणून दोघांनाही सेवेतून दूर केले. १९७५ मध्ये जागतिक चर्च परिषदेचे पाचवे महाअधिवेशन केनियात नैरोबीला भरले. परिषदेच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष तेव्हा आपल्या केरळचे एम. एम. थॉमस होते. याकुनिन यांनी लेव रेगेल्सन यांच्यासह तिथे पत्र पाठवले: आमच्या देशात श्रद्धावंतांचा छळ होतो आहे, तुम्ही बोला. तिथल्या एका ख्रिस्ती वर्तमानपत्राने ते छापले, सभागृहात खळबळ झाली, आणि शेवटी ठराव झाला तो पातळ करून. त्याच अधिवेशनात परिषदेच्या अध्यक्षांपैकी एक म्हणून निवडले गेले निकोदिम.

याकुनिन यांना १९७९ मध्ये अटक झाली. पाच वर्षे छावणी आणि पाच वर्षे हद्दपारी अशी शिक्षा. १९८७ मध्ये ते सुटले, १९९० मध्ये रशियाच्या संसदेवर निवडून आले. ऑगस्ट १९९१ चे बंड फसल्यावर संसदेने जी चौकशी समिती नेमली, तिच्या कामात त्यांना केजीबी या सोव्हिएत हेरखात्याच्या धर्मविभागाच्या फायली पाहायला मिळाल्या. फायलींत खरी नावे नव्हती, टोपणनावे होती: 'द्रोझ्दोव', 'अदामांत', 'मिखाइलोव', 'अब्बात'. मग माणसे ओळखायची कशी? माझ्यातल्या शिक्षिकेला हा भाग फार भावतो. फायलीत लिहिलेले असे की, अमुक महिन्यात अमुक टोपणनावाचा हस्तक अमुक देशातल्या परिषदेला गेला. मॉस्को पॅट्रिआर्केटचे स्वतःचे अधिकृत मासिक होते, त्यात कोण बिशप कधी कुठल्या परिषदेला गेले याच्या बातम्या छापून येत. याकुनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून तारखा जुळवल्या. चर्चच्याच मासिकाने चर्चचे बिंग फोडले. १९८३ च्या व्हँकुव्हर अधिवेशनाला गेलेल्या सोव्हिएत शिष्टमंडळात केजीबीचे ४७ हस्तक होते, असेही त्या कागदांत लिहिलेले निघाले.

लगेच सावध करते. हस्तक म्हणून नोंद असणे आणि हेरगिरी करणे यांत अंतर असते. कितीतरी बिशपांनी मंडळी जगवण्यासाठी, एक देऊळ उघडे राहावे म्हणून, अधिकाऱ्यांशी बोलणी केली असतील आणि त्या बोलण्यांची नोंद फायलीत झाली असेल. व्हिल्नियसचे आर्चबिशप ख्रिझोस्तोम यांनी १९९२ मध्ये स्वतः उभे राहून सांगितले की, मी १८ वर्षे केजीबीशी संबंध ठेवून होतो. त्यांच्या तोंडून ते ऐकल्यावर लोकांनी त्यांना टाकले नाही. पण बाकीच्यांनी कबुली दिली नाही, फायली पुन्हा बंद झाल्या. आणि याकुनिन यांचे काय झाले? १९९३ मध्ये निवडणुकीला उभे राहण्याच्या कारणावरून चर्चने त्यांचे पाद्रीपद काढले, १९९७ मध्ये बहिष्कृत केले. छावणीने जे केले नाही ते चर्चने केले. २५ डिसेंबर २०१४ रोजी, आपल्या नाताळच्या दिवशी, ते वारले.

१९९२ मध्ये शाळेच्या वाचनालयात एका इंग्रजी साप्ताहिकात मी या फायलींबद्दल पहिल्यांदा वाचले. दादा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते, दम्याने. रोज संध्याकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवत असे. ते साप्ताहिक मी घरी आणले आणि कपाटात लुगड्यांच्या घडीखाली ठेवले. काळी वही त्यांच्या उशाशीच होती. मला सांगवले नाही. दोन वर्षांनी ते गेले, त्या फोटोवर विश्वास ठेवून गेले. मुलांना 'साधने तपासा, सनावळी तपासा' असे एकतीस वर्षे सांगणाऱ्या मी, माझ्या घरात, एका म्हाताऱ्या माणसापासून साधन लपवले. त्यांना ते सोसले असते, असे आता वाटते. त्यांनी कदाचित त्या पेन्सिलीच्या ओळीशेजारी याकुनिन यांचे नाव लिहिले असते.

हा काही संपलेला इतिहास नाही. निकोदिम यांचे शिष्य किरिल १९७१ पासून जिनिव्हाला जागतिक चर्च परिषदेत मॉस्कोचे प्रतिनिधी होते. २००९ पासून ते रशियाचे पॅट्रिआर्क आहेत. फायलींतला 'मिखाइलोव' म्हणजे तेच, असे याकुनिन यांच्या बाजूचे लोक सांगत आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या वर्तमानपत्रांनी तिथल्या पोलिसांच्या जुन्या कागदांच्या आधारे तेच छापले. या आरोपाचा निकाल लागायचा तर मॉस्कोची दप्तरे उघडायला हवीत, आणि ती बंद आहेत. पण २०२२ पासून ते जे उघडपणे बोलले त्यासाठी कुठल्या फायलीची गरज नाही. युक्रेनच्या युद्धात कर्तव्य करताना मरणाऱ्या सैनिकाची पापे धुऊन निघतात, असे त्यांनी सप्टेंबर २०२२ च्या उपदेशात सांगितले. ज्या युक्रेनवर बॉम्ब पडत होते तिथे त्यांच्याच चर्चच्या हजारो मंडळ्या होत्या. पॅट्रिआर्कने पुतिन यांचा वेदीसेवक होऊ नये, असे पोप फ्रान्सिस त्याच वर्षी मे महिन्यातच म्हणाले होते. मला उपदेशातल्या त्या वाक्याचा इतका संताप आला की त्या रात्री झोप लागली नाही. युक्रेनमध्ये आई-बाप मुलांना पुरत होते आणि व्यासपीठावरून पापक्षमेचा शिक्का मारला जात होता.

उलट बाजूही आहे आणि ती मूळ पत्रलेखकांनी जरूर वाचावी. हेरखाते चर्च 'चालवत' असते, तर त्याला पाद्री मारावे लागले नसते. पोलंडमध्ये फादर येझी पोपियेवुश्को यांना १९ ऑक्टोबर १९८४ रोजी गुप्त पोलिसांच्या अधिकाऱ्यांनी पळवले, मारले आणि नदीच्या धरणात टाकले. अकरा दिवसांनी प्रेत सापडले. त्याच पोलंडमध्ये जानेवारी २००७ मध्ये वॉर्साचे नवे आर्चबिशप व्हिएल्गुस यांना पदग्रहणाच्या दिवशीच, देवळात, राजीनामा द्यावा लागला, कारण जुन्या गुप्त पोलिसांशी त्यांचे संबंध होते. एकाच देशात एकाच खात्याशी दोन पाद्रींचे दोन प्रकारचे नाते. आणि अमेरिकेच्या बाजूला एल साल्वादोर. आर्चबिशप ओस्कार रोमेरो यांनी फेब्रुवारी १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना पत्र लिहून विनंती केली की, आमच्या सैन्याला मदत पाठवू नका, ती आमच्याच लोकांवर वापरली जाईल. २४ मार्चला, मिस्सा अर्पण करत असताना, त्यांना गोळी घातली. अमेरिकेची मदत चालूच राहिली. गरिबांची बाजू घेणाऱ्या तिकडच्या मुक्तीच्या धर्मविचारालाच पुढे 'केजीबीची निर्मिती' म्हटले गेले. रुमानियाच्या हेरखात्यातून पळालेल्या एका जनरलने तसा दावा केला, पण पेरू-ब्राझीलच्या वस्त्यांत तो विचार कसा वाढला याच्या नोंदी वाचल्या की दावा टिकत नाही. म्हणजे एका बाजूने सीआयएचे, दुसऱ्या बाजूने केजीबीचे. मधोमध जे मेले त्यांना दोन्हीकडून शिव्या.

आपल्या देशातले उदाहरण थोडक्यात. केरळमध्ये १९५७ मध्ये ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे सरकार आले. शिक्षण विधेयकाने खासगी शाळांच्या कारभाराला हात लागला तेव्हा कॅथोलिक चर्च, नायर सर्व्हिस सोसायटी, मुस्लिम लीग आणि काँग्रेस यांनी 'विमोचन समर' उभे केले. ३१ जुलै १९५९ रोजी ते सरकार बरखास्त झाले. पुढे भारतातले अमेरिकेचे माजी राजदूत मॉयनिहन यांनी १९७८ च्या आपल्या आठवणींत लिहिले की, कम्युनिस्टांना रोखण्यासाठी अमेरिकेने भारतात दोनदा पैसा दिला, एकदा केरळात आणि एकदा बंगालमध्ये, आणि तो काँग्रेसला दिला. चर्चला दिला, असे ते लिहीत नाहीत. पण ज्या लढ्यात क्रूस घेऊन लोक रस्त्यावर उतरले त्याच राज्याच्या राजकारणात परक्या खात्याचा पैसा फिरला होता, हे केरळच्या आणि आमच्या चर्चने आपल्या इतिहासात लिहायला हवे.

आणि मुंबई. १९२८ च्या करारानुसार मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असायचा. धर्मगुरू नेमताना लिस्बनच्या सरकारचा शब्द चाले. हे गुप्त नव्हते, कागदावर सही-शिक्क्यानिशी होते. ते मोडण्याचा मार्ग दाखवला तो थॉमस रॉबर्ट्स या इंग्रज आर्चबिशपांनीच. भारतीय माणसाला जागा व्हावी म्हणून १९४६ मध्ये ते मुंबई सोडून गेले. १९५० मध्ये पोर्तुगालने हक्क सोडला आणि व्हॅलेरियन ग्रेशियस आर्चबिशप झाले. सत्ता सोडता येते, हे रॉबर्ट्स यांनी करून दाखवले. आमच्या मुलांना हे नाव माहीत नाही.

आता माझ्या स्वतःच्या मंडळीबद्दल, कारण मॉस्को आणि वॉशिंग्टनबद्दल लिहिणे सोपे आहे. काही वर्षांपूर्वी मी पंचमंडळात खजिनदार होते. सभागृहाचे पत्रे गळत होते. निवडणूक तोंडावर आली आणि एका उमेदवाराने नवे पत्रे, वर रंगकामाचा खर्च देऊ केला. पावती नको म्हणाले. मी विरोध केला. मत मोजले तेव्हा माझ्या बाजूने मी आणि एक तरुण मुलगा, दोघेच. पुढच्या रविवारी उपासनेनंतर ते गृहस्थ वेदीच्या पायरीवर उभे राहून बोलले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या पायरीवर माझ्या मुलीचे लग्न लागले होते. कोणी आमच्यावर बंदूक रोखली नव्हती. छत गळत होते, एवढेच. कार्पोव यांच्या कचेरीत बसलेल्या बिशपांची आठवण मला त्या सकाळी झाली. त्यांना छावणीची भीती होती, आम्हाला तेवढीही नव्हती. त्या पत्र्यांची नोंद आमच्या इतिवृत्तात आजही नाही.

नागपूरला नियोगी समितीने १९५६ मध्ये मिशनऱ्यांच्या परदेशी पैशावर अहवाल दिला, तेव्हापासून आमच्याकडे हिशेब मागितला जातो. तो सरकारकडे दिलाही जातो. माझी मागणी वेगळी आहे: तो मंडळीच्या फलकावर लागावा. परदेशातून आलेला, इथल्या पुढाऱ्याकडून आलेला, सगळा.

म्हणून मूळ पत्रलेखकांना माझे आमंत्रण आहे. त्यांनी आमच्या मंडळीत यावे, १९०० पासूनची जी इतिवृत्ते शिल्लक आहेत ती मी काढून ठेवीन, मोडी अक्षरातली वाचूनही दाखवीन. त्यांना आमच्यात हस्तक सापडला तर त्यांनी तो नाव आणि तारखेसह आपल्याच सदरात लिहावा.

आणि नगर, पुणे, सोलापूर, सातारा, वसई, मिरज इकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांना विनंती. १९६१ च्या दिल्लीच्या अधिवेशनाला आपल्याकडचे कोणी गेले असतील, तर त्यांची रोजनिशी, पत्रे, फोटो माळ्यावर असतील. नातवंडे रद्दीवाल्याला देण्याआधी ती बाजूला काढावीत. रशियन पाहुण्यांशी कोण काय बोलले, जेवताना कोण शेजारी बसले, दुभाषा कोणी पुरवला, असले बारीकसारीक तपशील मला हवे आहेत. दादांच्या वहीतले कात्रण मी अजून काढलेले नाही. योहान १७:२१ च्या शेजारी मी शाईने लिहिले आहे: 'ग्लेब याकुनिन, नैरोबी, १९७५'. त्याखाली बरीच जागा मोकळी आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
अहिल्यानगर